दीड अंश

टोटल स्टेशन म्हणजे आम्हा सर्व्हेअरचं कोन आणि अंतर मोजायचं यंत्र. त्याच्या दुर्बिणीला डोळा लावला की सगळा गलबला लांब जातो. रोजच्या वापरातल्या यंत्राची दुर्बीण साधारण ३० पट मोठं दाखवते आणि त्या बदल्यात नजरेचं क्षेत्र आक्रसून दीड अंशावर आणते. १०० मीटरवर त्या गोलात जेमतेम अडीच मीटरची रुंदी मावते. एक प्रिझम (यंत्राचा किरण परत पाठवणारी काच), प्रिझमचा दांडा धरलेला माणूस आणि मधोमध क्रॉसहेअरच्या बारीक रेघा. मला हा क्षण अजूनही फार आवडतो. बबल, म्हणजे पातळी दाखवणारा बुडबुडा, मध्यावर आलेला असतो, लक्ष्य स्थिर असतं, श्वास आपोआप मंदावतो. पण हिशेब मांडला तर अंगावर काटा येतो. वर्तुळ ३६० अंशांचं. त्यातले दीड माझ्याकडे. उरलेल्या ३५८.५ अंशांत रोलर, ग्रेडर, पोकलेन, डंपर आणि शेजारून वाहणारी चालू रस्त्याची वाहतूक.

हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तो नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, एका दुपारी, जमिनीवर बसून. पाय थरथरत होते म्हणून बसले होते.

रस्त्याच्या भरावाचं काम होतं. आमचा कंट्रोल पॉइंट, म्हणजे ज्याची जागा आधीच नेमकी मोजलेली असते तो बिंदू, भरावाच्या एका टोकाला होता आणि मी तिथे यंत्र लावलं होतं. पॉइंट ठरवला तेव्हा ती जागा निवांत होती. पण कंट्रोल पॉइंट जागचा हलत नाही आणि डंपरची वाट रोज बदलते. त्या दिवशी माती टाकायची जागा पुढे सरकली होती आणि डंपर वळून मागे यायचे ते नेमके माझ्या बाजूला. मला ते कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

मी बॅकसाइट घेत होते, म्हणजे आधीच्या माहीत असलेल्या बिंदूवर नेम धरून यंत्राची दिशा पक्की करत होते. ऐंशी मीटरवर आमचे स्टाफमन काका प्रिझम धरून उभे होते. साखळीने मोजणी व्हायची त्या काळापासून ते या कामात. त्यांच्या हातातला प्रिझम जमिनीत रोवल्यासारखा असायचा, बबल इकडचा तिकडे व्हायचा नाही. म्हणून दुर्बिणीतला प्रिझम अचानक हलायला लागला तेव्हा मी चकित झाले. आधी थोडासा, मग जोरजोरात, डावीउजवीकडे, अगदी गोलाच्या बाहेर जाऊन परत आत. मला राग आला. तीन वेळा मागेपुढे करून मी तो नेम धरला होता. काय चाललंय म्हणून ओरडायला मी डोकं वर काढलं, आणि डाव्या खांद्यामागे, हात लांब केला असता तर लागला असता इतक्या जवळ, डंपरचा मागचा फाळका दिसला.

बाजूला कशी झाले ते आठवत नाही. यंत्र मात्र तिथेच राहिलं. ट्रायपॉडच्या एका पायावरून चाक गेलं आणि डंपर थांबला.

ड्रायव्हर उतरला तेव्हा त्याचे हात माझ्यापेक्षा जास्त कापत होते. तो आरशात बघूनच मागे येत होता. पण फाळक्याच्या बरोबर मागे उभा असलेला माणूस कुठल्याच आरशात येत नाही. त्याला मागे घेणारा सिग्नलमन दुसऱ्या डंपरकडे गेला होता. मला त्या माणसावर कधीच राग धरता आला नाही.

काका धावत आले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, ओरडून ऐकू गेलं नसतं. तुम्ही प्रिझमकडे बघत होतात, म्हणून प्रिझम हलवला."

या एका वाक्यावर मी पुढची सगळी वर्षं काढली आहेत. मी कुठे बघतेय हे त्यांना ठाऊक होतं. जगातल्या ज्या दीड अंशात माझी नजर होती, तेवढ्यातच निरोप पोचू शकत होता, आणि त्यांनी तो तिथेच पाठवला.

नंतर किती तरी दिवस एक प्रश्न छळत राहिला. मला रिव्हर्स हॉर्न ऐकू कसा आला नाही? डंपरचा हॉर्न चालू होता, तो बिघडलेला नव्हता. हळूहळू लक्षात आलं की मला तो ऐकू येत होता, सकाळपासून येत होता. त्या भरावावर पाच-सहा डंपर फिरत होते आणि दिवसभर कुणी ना कुणी मागे येतच होतं. जो आवाज कधी थांबतच नाही त्याची दखल घेणं मेंदू सोडून देतो. शिवाय त्या एकसुरी 'पीं पीं'ची आणखी एक खोड आहे. माणूस आवाजाची दिशा दोन प्रकारे ओळखतो. खालच्या वारंवारतेचा आवाज दोन कानांपर्यंत किंचित वेगवेगळ्या वेळी पोचतो, त्या फरकावरून. वरच्या वारंवारतेचा आवाज डोक्याच्या आडोशामुळे एका कानाला कमी आणि दुसऱ्याला जास्त ऐकू येतो, त्या फरकावरून. जुन्या पद्धतीच्या रिव्हर्स हॉर्नचा स्वर बहुधा या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात पडतो, जिथे दोन्ही खुणा दुबळ्या असतात. म्हणजे काही तरी मागे येतंय हे कळतं. कुठून येतंय ते कळत नाही. आता बऱ्याच यंत्रांवर खरखरीत, वाफ सोडल्यासारखा आवाज करणारे हॉर्न आलेत. त्या आवाजात अनेक वारंवारता एकत्र असतात, त्यामुळे कान चटकन दिशा पकडतो आणि यंत्रापासून लांब गेलं की तो लवकर विरतो. साइटवर यंत्रं भाड्याने घेताना मी हे आवर्जून विचारते. लोकांना ते किरकोळ वाटतं. मला वाटत नाही.

दुसरा प्रश्न जॅकेटचा. मी त्या दिवशी जॅकेट घातलं होतं, नारिंगी, चंदेरी पट्ट्यांचं, नियमाप्रमाणे.

त्या रंगाची गोष्ट मला फार जवळची वाटते. अमेरिकेत १९३३ मध्ये बॉब स्वित्झर नावाच्या तरुणाला कामावर अपघात झाला आणि बरं होईपर्यंत त्याला अंधाऱ्या खोलीत राहावं लागलं. तिथे अतिनील दिव्याखाली चमकणाऱ्या पदार्थांचा नाद त्याला लागला. पुढे त्यानं आणि त्याच्या भावानं, जो स्वित्झरनं, दिवसाउजेडीही झळाळणारे रंग तयार केले. हे रंग डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश पितात आणि तो दिसणाऱ्या रंगात परत देतात, म्हणून मळभ असताना किंवा दिवस मावळायच्या आधी भोवतालचं सगळं करडं होतं तरी ते पेटलेले दिसतात. पण रात्री दिव्यांच्या उजेडात अतिनील जवळजवळ नसतोच. मग तो नारिंगी कपडा साध्या कपड्यासारखाच होतो आणि सगळा भार चंदेरी पट्ट्यांवर येतो.

त्या पट्ट्यांचं काम सर्व्हेअरला वेगळं समजावून सांगायला लागत नाही. आमचा प्रिझम तेच करतो. काचेच्या तीन पृष्ठभागांचा एकमेकांशी काटकोन, आणि त्या कोपऱ्यात शिरलेला किरण तीन वेळा वळून आल्या वाटेने परत. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये चंद्रावर अशाच १०० प्रिझमची पाटी ठेवली आणि पृथ्वीवरून लेसर सोडून चंद्राचं अंतर मोजलं जाऊ लागलं. जॅकेटच्या पट्टीत तेच काम बारीक काचमणी किंवा अतिसूक्ष्म प्रिझम करतात. प्रकाश ज्यानं पाठवला त्यालाच तो परत मिळतो.

हे कळल्यावर एक दिवस मी थबकले. प्रकाश पाठवणाऱ्यालाच परत मिळतो, तर मग मागे येणाऱ्या डंपरच्या ड्रायव्हरला काय मिळणार? त्याचे मोठे दिवे पुढे आहेत. मागचे दिवे क्षीण, बहुतेकदा चिखलानं माखलेले, आणि तो बघतोय आरशातून. माझ्या अंगावरच्या पट्ट्या त्याच्यासाठी अंधारातच राहतात. पोकलेनवाला फिरता फिरता वळतो तेव्हाही तेच, कारण त्याचे दिवे बकेटकडे असतात. आयएसओ २०४७१ हे अशा कपड्यांचं आंतरराष्ट्रीय मानक. त्यातल्या वरच्या, तिसऱ्या वर्गाच्या कपड्यावर किमान ०.८० चौरस मीटर झळाळता कपडा आणि ०.२० चौरस मीटर परावर्तक पट्टी लागते. भर वाहतुकीत आणि रात्रीच्या कामात मी याहून कमी काही अंगावर घेत नाही, सोबतच्यांनाही घेऊ देत नाही. मळकं जॅकेट बदलून घेते. पाठीवरच्या पिशवीनं पट्टी झाकली जात नाही ना ते बघते. पहिली काही वर्षं मला पुरुषांच्या मापाचं जॅकेट मिळायचं. खांद्यावरून घसरायचं, वाकलं की खालचा काठ कुठे तरी अडकायचा. सैल जॅकेट यंत्राजवळ धोक्याचं असतं. बायकांनी हे निमूट सोसू नये, आपल्या मापाचं मागून घ्यावं. पण एवढं सगळं करूनही मी फक्त दिसण्याजोगी होते. समोरच्यानं मला पाहिलं की नाही, ते जॅकेट सांगत नाही.

पाहिलं की नाही हे फक्त समोरचा माणूस सांगू शकतो, आणि त्यानं ते सांगितल्याशिवाय मी पाऊल उचलत नाही.

पोकलेनचं उदाहरण घ्या, कारण सर्व्हेअरचा सगळ्यात जास्त संबंध त्याच्याशीच येतो. खोदाईची पातळी बघायची तर बकेटच्या जवळच जावं लागतं. २० टनांच्या आसपासच्या पोकलेनचा हात पूर्ण पसरला तर दहा मीटरच्या जवळपास पोचतो. हात सगळ्यांना दिसतो, म्हणून सगळे त्याला घाबरतात. मला पाठीची जास्त भीती. मागचं काही टनांचं वजन, काउंटरवेट, हात फिरतो त्याच्या उलट्या बाजूला फिरतं आणि यंत्र ज्यांवर चालतं त्या लोखंडी पट्ट्यांच्या बाहेर येतं. अर्धा फेरा व्हायला तीन सेकंद पुरतात. पोकलेन आणि भिंत, पोकलेन आणि मातीचा ढीग, पोकलेन आणि उभा डंपर यांच्यामधली चिंचोळी वाट यंत्र सरळ उभं असताना निर्धास्त दिसते. वळलं की ती वाट उरत नाही. तिथून कधीही जाऊ नये, कितीही घाई असो. दुसरं म्हणजे ऑपरेटरची केबिन डाव्या अंगाला असते. उजवीकडे बघायचं तर मध्ये बूम येतो. उजवी बाजू आणि पाठ, या दोन्हीकडे उभा असलेला माणूस त्याच्या लेखी तिथे नसतोच. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेनं बांधकामावरच्या अनेक यंत्रांभोवतीच्या आंधळ्या जागांचे नकाशे काढले आहेत. यंत्र मधोमध आणि भोवती काळे डाग. असा नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी माझ्या रोजच्या उभं राहण्याच्या जागा त्यावर मनात मांडल्या. पुष्कळशा काळ्यात पडल्या.

म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे. मी डावीकडून पुढे, ऑपरेटरच्या नजरेत, आणि बकेटच्या पल्ल्याच्या बाहेर उभी राहते. हात वर करते. तो बकेट जमिनीवर टेकवतो, हायड्रॉलिक बंद करणारा लिव्हर उचलतो आणि दोन्ही हात मला दिसतील असे वर करतो. त्यानंतर मी आत जाते. काम झालं की बाहेर येऊन, पुन्हा त्याच जागी उभी राहून हात करते, मग तो लिव्हर खाली घेतो. नुसती मान हलवलेली मी धरत नाही. मान दुसऱ्या कुणासाठी हललेली असू शकते, किंवा कानात वाजणाऱ्या गाण्यावर. दिवसातून वीस वेळा हे करायचं म्हणजे ऑपरेटरचं काम खोळंबतं, हे खरं. सुरुवातीला ते वैतागतात. दोन-तीन दिवसांत सवय होते, आणि मग मी आठवण करून द्यायच्या आधीच बकेट टेकलेली असते. सकाळी काम सुरू व्हायच्या आत मी प्रत्येक ऑपरेटरजवळ जाऊन सांगते, आज मी इथे इथे असेन, तुमचे डंपर कुठे वळणार? पाच मिनिटंही लागत नाहीत. त्या दुपारी मी एवढं एक विचारलं असतं तरी पुरलं असतं.

खंदकाच्या काठाबद्दल थोडक्यात. एक घनमीटर मातीचं वजन दीड ते दोन टन भरतं. काठावर यंत्र उभं असेल, मातीला आधार दिलेला नसेल, तर एका पातळीसाठी खाली उतरू नये. स्टाफ, म्हणजे उंची वाचायची आकड्यांची लांब पट्टी, वरून सोडता येतो. तोच स्टाफ पूर्ण उघडला की पाच मीटर उंच होतो, तेव्हा आधी वर बघावं, विजेच्या तारा आहेत का. अॅल्युमिनियम वीज वाहून नेतं हे सगळ्यांना माहीत असतं. कार्बन फायबरचा दांडाही नेतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. आणि तारेला प्रत्यक्ष स्पर्श व्हायलाच हवा असं नाही, जास्त दाबाची वीज मधल्या हवेतून झेप घेते.

चालू रस्त्याची गोष्ट वेगळी. साइटवर निदान ऑपरेटरचं तोंड ओळखीचं असतं, त्याच्याशी हातवारे ठरवता येतात. रस्त्यावर येणारा प्रत्येक जण अनोळखी, आणि त्याला माझ्या दीड अंशाची कल्पना नसते.

ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. एक नेम धरून रीडिंग घ्यायला मला तीन सेकंद लागतात. डोळा लावला तेव्हा ६५ मीटरवर असलेली गाडी डोकं वर काढेपर्यंत माझ्या शेजारी असते. ड्रायव्हरला काही तरी दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर ३३ मीटर ब्रेक लागण्याआधीच संपतात. मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी पस्तीस-चाळीस मीटर. ओल्या रस्त्यावर त्याहून बरेच. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. मी हे आकडे नव्या मुलामुलींना टेप पसरून दाखवते. डोळ्यांसमोर सत्तर मीटर टेप उलगडला की तोंडी सांगण्यापेक्षा जास्त समजतं.

या कामात एक पेच आहे तो बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतो. दुपारी जमीन तापली की हवा थरथरते. दुर्बिणीत स्टाफवरचे आकडे पाण्याखाली असल्यासारखे हलतात आणि अपवर्तनामुळे पातळी फसवते. म्हणून बारकाईचं लेव्हलिंग, म्हणजे उंचीची मोजणी, आम्ही सकाळी लवकर आणि उतरत्या उन्हात करतो. नेमक्या त्याच वेळी सूर्य क्षितिजाजवळ असतो आणि पूर्व-पश्चिम रस्त्यावरच्या ड्रायव्हरच्या थेट डोळ्यांत जातो. मला सगळ्यात चांगलं दिसतं त्या तासाला त्याला सगळ्यात कमी दिसतं. यावर मी फार विचार केलाय. माझं उत्तर असं की अशा रस्त्यावर, अशा वेळी, चालू लेनच्या कडेला उभं राहायचं नाही. रीडिंग थोडं थरथरलं तर चालेल, अंतरं लहान घेऊ, दोनदा वाचू. किंवा लेन रीतसर बंद करून घेऊ. लेव्हलची लूप, म्हणजे सुरुवातीच्या बिंदूवर परत येऊन ताळा बघायची फेरी, दुसऱ्या दिवशी बंद करता येते.

उभं राहायचं ते येणाऱ्या वाहतुकीकडे तोंड करून. यंत्र अशा जागी की वाचताना पाठ रस्त्याला लागणार नाही, आणि पळायची वाट आधीच ठरलेली. आपली गाडी येणाऱ्या वाहतुकीच्या बाजूला, दिवे लुकलुकत ठेवून, पुढची चाकं आपल्यापासून वळवून उभी करायची आणि आपण तिच्या अगदी पुढ्यात राहायचं नाही. मागून धडक बसली तर ती पुढे सरकणारच. यंत्राची पेटी काढताना गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये शिरायचं नाही, पलीकडच्या दारानं काढायची. प्लॅस्टिकचे कोन लांबून लावत आणायचे, पण त्यांच्या भरवशावर राहायचं नाही. कोन ड्रायव्हरला सांगतो, अडवत नाही.

आणि नजर ठेवणारा माणूस. त्याच्या हातात दुसरं काहीही द्यायचं नाही. स्टाफ नाही, टेप नाही, वही नाही, फोन तर नाहीच. शिट्टी द्यायची आणि ती वाजली की काही न विचारता पळायचं. यंत्र तिथेच सोडून.

हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे. सर्व्हेअरचा जीव यंत्रात असतो. वाऱ्याच्या झोतानं ट्रायपॉड कलला आणि समोरून ट्रक येतोय, तरी ट्रायपॉड धरायला झेपावलेले लोक मी पाहिलेत. आमच्या व्यवसायात एक गोष्ट कौतुकानं सांगतात. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्बटनचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, दोरांनी वर ओढत असताना एक दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून पार वाकलं. लॅम्बटननं तंबूत कोंडून घेऊन, कित्येक दिवस खपून, ते स्वतःच्या हातांनी पुन्हा कामाजोगं केलं. मलाही ही गोष्ट आवडते. पण मी ती सांगते तेव्हा एवढं जोडते की आदळलं ते यंत्र होतं, म्हणून त्याला दुरुस्त करायला लॅम्बटन उरला. माझ्या त्या दुपारच्या ट्रायपॉडचा मोडका पाय मी बरीच वर्षं जपून ठेवला होता. यंत्र कॅलिब्रेशनला जाऊन आलं आणि पुन्हा कामाला लागलं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले तिच्याकडे येते. ऐंशी मीटरवर प्रिझम धरून उभा असलेला माणूस आमच्या कामातून नाहीसा होत चाललाय.

पहिलं रोबोटिक टोटल स्टेशन, जिओडिमीटर सिस्टम ४०००, १९९० मध्ये आलं. यंत्र स्वतःच प्रिझमचा पाठलाग करतं. सर्व्हेअर प्रिझम घेऊन फिरतो आणि हातातल्या कंट्रोलरवर बटण दाबतो. नंतर उपग्रहांवरून स्थान सांगणारे रोव्हर आले. दोघांचं काम एकटा करू लागला, तेही जास्त भरभर. मी या यंत्रांच्या विरोधात नाही. मला ती आवडतात, आणि त्यांनी धोका कमीही केलाय. प्रिझमशिवाय मोजणाऱ्या लेसरनं मी आज रस्त्याच्या मधल्या रेषेचे बिंदू कडेवरून घेते. एके काळी त्यासाठी एका माणसाला गाड्यांच्या मध्ये उभं राहावं लागायचं. जिथे स्कॅनर किंवा ड्रोननं भागतं तिथे माणूस पाठवूच नये. तिथे उभं राहायची गरज आहे का, हा पहिला प्रश्न. जॅकेट अगदी शेवटी.

पण जिथे उभं राहावंच लागतं तिथे आता माणूस एकटा असतो आणि त्याची मान खाली, स्क्रीनवर. आखणी करताना रोव्हर सांगतो, ०.४० मीटर मागे. माणूस मागे जातो, न बघता, पाठीमागे पावलं टाकत. अजून ०.१५ मागे. मी स्वतः असं चालत एकदा रोलरच्या वाटेत गेले आहे, आणि तेव्हा मी नवखी नव्हते. तेव्हापासून नियम केला, पाय चालत असताना स्क्रीन बघायची नाही. थांबायचं, आकडा वाचायचा, मान वर काढायची, वळून जायच्या दिशेला तोंड करायचं, मग चालायचं. पलीकडे पोकलेनच्या केबिनमध्येही आता स्क्रीन आलीय. बकेटचं टोक किती खाली गेलं ते ऑपरेटर तिच्यावर बघतो. खुंट्या कमी लागतात, सर्व्हेअरला यंत्राजवळ कमी जावं लागतं, हे चांगलंच आहे. पण ज्या वेळी जावं लागतं त्या वेळी दोन माणसं एकमेकांपासून दहा मीटरवर, दोघांच्याही नजरा आपापल्या स्क्रीनवर. प्रिझम हलवायला तिथे कुणी नाही.

ऑफिसात मला विचारलं गेलं, रोबोट आहे तर दोन माणसं कशाला? मी त्यांना त्या दुपारची गोष्ट सांगितली. तेव्हा मान डोलावली गेली आणि पुढच्या आठवड्याच्या यादीत पुन्हा एकच नाव आलं. काकांसारख्या माणसाला आम्ही नेहमी 'हेल्पर' म्हणत आलो, कागदावर त्याचं काम 'स्टाफ धरणे' एवढंच लिहिलेलं असायचं. स्टाफ धरायला कुणी नको म्हटल्यावर तो माणूसच नको, असं ठरायला वेळ लागला नाही. तो माझ्या उरलेल्या ३५८.५ अंशांकडे बघत होता, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. म्हणून मी ते कागदावर आणलं. चालू यंत्रांच्या पट्ट्यात आणि चालू रस्त्यावर दुसरा माणूस, काम 'लक्ष ठेवणे', असं कामाच्या आराखड्यात लिहून द्यायला लागले. दोनदा मान्य झालं नाही. दोन्ही वेळा मी त्या जागी काम करायला नकार दिला. सोपं नव्हतं ते. रात्री झोप लागली नाही, नोकरी राहील की जाईल ते माहीत नव्हतं. राहिली. आता आमच्या कामांवर दोघं जातात.

काका केव्हाच निवृत्त झाले. गेल्या महिन्यात एका रस्त्याच्या कामावर यंत्रावर नव्यानं रुजू झालेली मुलगी होती आणि प्रिझम मी धरला होता. तिचा हात चांगला आहे, नेम शांतपणे धरते. तिच्या मागे, बऱ्याच अंतरावर, ग्रेडर वळत होता. धोका काही नव्हता. तरी मी दांडा एकदा डावीउजवीकडे हलवला.

तिनं लगेच डोकं वर काढलं. मागे वळून पाहिलं. ग्रेडरवाल्याला हात केला आणि त्याचा हात वर होईपर्यंत थांबली. मग तिनं पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला, आणि मी बबल मध्यावर आणून प्रिझम स्थिर धरला.